आंबलेला मुका सिनेमा

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात पुसून घ्या. तेलाचे असतील तर लांबच बसा. मी एक जुना मुका सिनेमा आहे आणि माझा कोणावर सहज विश्वास बसत नाही. कारण नसताना मी असा झालो नाही. माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हालाही ते पटेल.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशातला. मला कोणी बनवले ते मला ठाऊक नाही. ज्या तुकड्यावर त्यांची नावे होती तो कधीच तुटून गेला. माझ्यात एका माणसाची गोष्ट आहे. त्याचे नशीब फुटके. नवा कोट घालून तो मुलगी पाहायला निघतो, तर वरून कोणीतरी चुन्याचे पाणी ओतते. बाकावर बसतो, तर बाक मोडतो, आणि त्याच बाकावर नुकताच एक जाडा माणूस झोप काढून गेलेला असतो. मुलीच्या घरी पोहोचतो, तर तिच्या घरचे बदक त्याच्या मागे लागते. पळता पळता तो एका गाडीत चढतो, ती मढे नेणारी गाडी निघते. शेवटी नावेत बसतो, नाव बुडते, आणि पाणी गुडघ्याएवढेच असते. तो उभा राहतो, टोपीतले पाणी ओततो, टोपी डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. एवढाच मी. मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येतात. ती अक्षरे रशियन आहेत.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा करायला रशियन इंजिनियर आले होते, हे तुम्ही ऐकले असेल. त्यांचे लोक पुढेही बरीच वर्षे येत-जात राहिले. त्यातल्या एकाच्या सामानातून मी इथे आलो. रविवारी तो मला आपल्या मुलांना दाखवायचा. त्याच्या बंगल्यात चंपत नावाचा तरुण झाडांना पाणी घालायला होता. तो खिडकीबाहेर उभा राहून मला पाहायचा आणि हातातली पाण्याची नळी विसरायचा. एकाच गुलाबाला तळे व्हायचे.

जाताना त्या इंजिनियरने मला आणि दाखवायच्या मशीनला चंपतच्या हवाली केले. चंपतने मला घेतले ते संशयानेच. फुकट कोणी काही देत नाही, असे त्याचे मत होते. त्याने डबा उलटा करून पाहिला, कानाशी हलवून पाहिला. फाटकावरच्या चौकीदाराला चंपतचा संशय आला. "कहाँ से उठा लाया बे?" असे विचारत त्याने मला अर्धा तास उन्हात ठेवले. तेव्हापासून मला चौकीदार आवडत नाहीत.

खुर्सीपारच्या वस्तीत चंपतने भिंतीवर पांढरी चादर बांधली आणि मला लावले. मशीन घरघरले, चित्र हलू लागले, आणि लोक वाट पाहू लागले. आवाज काही येईना.

सुखराम नावाचा शेजारी म्हणाला, "चंपत, तुले त्या रशियनानं बुद्धू बनवलं. आवाज काढून घेतला अन् खोका देल्ला."

लोक हसले. चंपतचे तोंड उतरले. तेव्हा मशीनजवळ बसलेली त्याची नवी नवरी, रुक्मा, पदर सावरून म्हणाली, "थांबा ना जरा. तो बोलून राहिला. तुमालेच ऐकू नाई येत, त्याले तो काय करन?"

आणि ती बोलू लागली. "हे आमचे भाऊजी. पोरगी पाहाले चालले. कोट पाहा, उसना आहे. मागून उसवला आहे, म्हून सरळ सरळ चालून राहिले."

मित्रांनो, मी मराठी त्या बाईकडून शिकलो. तोवर मला वाटत होते की मी पूर्ण आहे. रशियन अक्षरांची पाटी आली की ती न अडखळता वाचायची, "भाऊजी म्हणते, आज काई झालं तरी मी रडणार नाई." तिला मराठीच जेमतेम वाचता येत होते. पण चंपतच्या बायकोला रशियन येते, अशी वस्तीत कितीतरी वर्षे पक्की समजूत होती. एकदा कॉलेजात जाणारा एक मुलगा उभा राहिला आणि असे लिहिलेले नसणार म्हणाला. रुक्मा म्हणाली, "तू वाच मंग." तो खाली बसला. ती एकाच पाटीवर दर वेळी वेगळे वाचते, हे फक्त मला कळत होते.

ते दिवस चांगले होते. कोणाचे बारसे असो की जयंतीचा मंडप, मला बोलावणे यायचे. रुक्माला घशाला मध लावून ठेवायला सांगायचे. चंपत तोवर कारखान्यात कामाला लागून कायम झाला होता. ड्युटीवरून आला की भट्टीची काळी धूळ धुऊन मगच माझ्या डब्याला हात लावायचा. पावसाळा सरला आणि धम्मचक्र दिनासाठी घर झाडायला काढले की रुक्मा गोधड्या उन्हात टाकायची आणि मला ओसरीच्या सावलीत दोरीवर सोडायची. मऊ धोतराच्या तुकड्याने पुसायची आणि संध्याकाळी सैलसर गुंडाळून डब्यात ठेवायची. हे तिला कोणी शिकवले नव्हते. ती डाळ-तांदूळ, गोधड्या, पापड आणि मी, सगळ्यांना सारखेच वागवायची.

टीका करणारेही होते. समोर बेबीताई राहायच्या. त्या गोंदियाकडच्या शेतकरी घरातल्या, रुक्माच्या मैत्रीण. त्यांचे माझ्याविषयी मत वाईट होते. माझा खेळ झाला त्याच आठवड्यात त्यांचा कुकर फुटला होता आणि सुखराम नालीत पडला होता.

"रुक्मा, त्या पनौती माणसाले घरात नको ठेवू," त्या म्हणायच्या. "सावली पडते."

"बाई, तुमचा कुकर जुना होता," रुक्मा म्हणायची. "अन् सुखरामभाऊ काई पहिल्यांदा नाई पडले."

चंपत तर उखडायचाच. "आमच्या घरात शकुन-अपशकुन चालत नाई, बेबीताई."

मग घरोघरी टीव्ही आले, नंतर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. मला बोलावणे येईनासे झाले. मशीनवर धान्याचे पोते बसले आणि माझा डबा लोखंडी पेटीत गेला. मी तक्रार करत नाही. पण रुक्माने सावलीची दोरी चुकवली नाही. दरवर्षी मला बाहेर काढून ती हळूच म्हणायची, "चला भाऊजी, हवा खा."

मुलगा राजदीप मोठा झाला, कारखान्यात ठेक्यावर लागला. त्याची बायको सुजाता घरात आली. चौकात तिने चाऊमीनचा ठेला टाकला. मला ती पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. तिच्या बोटांना लाल चटणीचा रंग असायचा, आणि ती माझ्या पेटीवर भाजीची पिशवी ठेवायची. रुक्मा तिला काही म्हणत नव्हती. उलट मला दोरीवर टाकताना एक टोक तिच्या हातात द्यायची आणि पाट्या वाचून दाखवायची. मी आक्रसून जायचो.

मग रुक्मा आजारी पडली. आधी कावीळ म्हणाले. मग रायपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

तिच्याबद्दल याहून जास्त मला सांगता येणार नाही. तिची चप्पल दारातच राहिली. झाडताना सुजाता ती उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

एके दुपारी घरात कोणी नसताना चंपतने पेटी उघडली आणि मला मांडीवर घेतले. त्याने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ती नजर मी ओळखली. ती बेबीताईंची नजर होती. शकुन न मानणारा माणूस मला विचारत होता, तूच तर नाहीस ना? ते क्षणभरच होते. मग त्याचा चेहरा शरमेने लाल झाला आणि त्याने डब्याचे झाकण हाताने पुसले.

मला शेवटचे गुंडाळले होते ते रुक्माने, गेल्या पावसाळ्यानंतर. माझ्या वेटोळ्यात तिच्या हाताचा सैलपणा जसाच्या तसा होता. चंपतच्या मनात एकच गोष्ट बसली. ही घडी मोडायची नाही. आता हिला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. त्याने डब्याच्या कडेला काळी चिकटपट्टी फिरवली, एकावर एक. वरून पॉलिथिन बांधले. त्यावर रुक्माची शाल गुंडाळली. पेटीत ठेवून कुलूप लावले आणि किल्ली करगोट्याला बांधली.

त्याने हे प्रेमाने केले. म्हणूनच मला तेव्हा संशय आला नाही.

भिलाईचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या खोलीत लोखंडी पेटी, तिच्यात डबा, डब्यात मी. माझ्यासारख्या जुन्या फिल्मच्या अंगातून एक वाफ निघते. वारा मिळाला तर ती निघून जाते. कोंडली तर तीच वाफ फिल्मला खाते. पावसाळा गेला. धम्मचक्र दिन आला. गोधड्या बाहेर निघाल्या. मी आतून त्यांच्या झटकण्याचा आवाज ऐकला. सुजाता सासऱ्याला विचारायला आली, "मामाजी, आईची ती फिल्म पण काढू का?"

"हात नाई लावायचा," चंपत म्हणाला.

त्यानंतर घरात वास सुटला. आंबट, नाकात चढणारा, थेट व्हिनेगरसारखा. आणि मित्रांनो, घरात व्हिनेगर होतेच. सुजाताच्या ठेल्याची बाटली स्वयंपाकघरात उभी असायची. इकडे त्याला सिरका म्हणतात. मग चंपतने काय विचार केला असेल, हे सांगायला नको.

त्याने पेटीभोवती वास घेतला. मग बाटलीचे बूच घट्ट केले. मग पेटीच्या कडीला दोरा बांधून ठेवला, कोणी उघडली तर तुटावा म्हणून. दोरा रोज शाबूत असायचा आणि वास रोज वाढायचा. माणसाचा संशय अशाने कमी व्हायला हवा. चंपतचा वाढला. त्याला वाटले, ही बाई हुशार आहे, कडीला हात न लावता फटीतून ओतते.

सुजाताला वास येतच होता. तिने बाटली ठेल्यावर नेऊन ठेवली.

"आता घरात थेंब नाई, मामाजी. पाहून घ्या."

"एक बाटली नेली," चंपत म्हणाला. "दुसरी कुठी ठेवली?"

"दुसरी कहाँ से आएगी? मले सिरका फुकट भेटते का?"

बेबीताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर गल्लीत त्यांनी हे ज्याला त्याला सांगितले. सून सासूची आठवण पुसते आहे, असे ते सांगणे होते. खरे सांगतो, पेटीत पडल्या पडल्या मलाही तेच वाटू लागले होते. डब्यात बंद असलेल्याला वास कोणाचा आहे ते कळत नाही. मी तिची लाल बोटे आठवत होतो.

राजदीपने बापाची समजूत घालून पाहिली. मग त्याने तो नाद सोडला. त्याला लांबच्या रसमडा गावातल्या एका कारखान्यात काम मिळत होते. सुजाता म्हणाली, तिकडेच खोली पाहू. तिने भांडी पोत्यात भरायला काढली. घर तुटायला आले होते आणि ते तोडणारा मी होतो. तेव्हा हे कळले असते तरी मी ओरडून सांगणार कसा? मी मुका.

रुक्माला जाऊन वर्ष झाले. स्मृतिदिनाला वंदना झाली, शेजारी जमले, सुजाताने खीर केली. फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. चंपतने पेटी उघडली, शाल आणि पॉलिथिन बाजूला केले आणि चिकटपट्टीसकट डबा फोटोच्या पायाशी ठेवला. सगळ्यांनी तो पाहावा आणि हात लावू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मेणबत्तीच्या उबेने वास खोलीभर झाला. माणसे नाकाला रुमाल लावू लागली. मागे बसलेल्या बेबीताई म्हणाल्या, "हा तर सिरका आहे. आजच्या दिवशी तरी नाई ओतायचा होता बाई."

सुजाता खिरीच्या वाट्या घेऊन उभी होती. चंपत तिच्याकडे वळला.

"साऱ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "माह्या बायकोची एक वस्तू उरली होती. ती हिच्यानं पाहवली नाई."

राजदीप उठला, पण सुजाताने हाताने त्याला खाली बसवले. तिने वाट्या जमिनीवर ठेवल्या. पुढे येऊन तिने डबा उचलला आणि नाकाशी धरला. मग भुवया आकसल्या. ठेल्यावर रोज सिरका हाताळणाऱ्या बाईचे नाक ते. तिने झाकणाच्या कडेवरून नाक फिरवले.

"मामाजी, घ्या वास."

"मले नाई घ्यायचा."

"साऱ्यांसमोर बोलले ना? मंग साऱ्यांसमोरच घ्या."

तिने डबा त्याच्या नाकाखाली धरला. चंपत मागे सरकला. डोळ्यांत पाणी आले, ते वासाने आले असे तो नंतर म्हणायचा.

"हे बाहेरून नाई येत," सुजाता म्हणाली. "आतून येते. ही आंबून राहिली. माहा सिरका नाई, हिचाच आहे."

"आत सिरका कसा जाईन? मी हवा जाऊ देल्ली नाई."

"तेच तर." ती स्वयंपाकघरात गेली आणि चाऊमीन परतायचा पलटा घेऊन आली. "पट्टी काढा. नाई तर मी काढते."

चंपतने डबा छातीशी धरला. "नाई. उघडला तर घडी मोडन. तिचा हात आहे यात, सुजाता. तिनं गुंडाळली होती. तो शेवटचा हात आहे."

आता सगळ्यांना कळले. बेबीताईंनीही मान खाली घातली. सुजाता त्याच्यासमोर बसली. तिचा राग गेला नव्हता, आवाजातून कळत होता.

"आईचा हात असता तर इतके दिवस बंद राहिली असती का? ती दरसाल मोडत होती ही घडी. मी एक टोक धरत होती, मले मालूम आहे. तुमाले घडी पायजे का फिल्म पायजे, ते सांगा. दोन्ही नाई भेटणार."

मेणबत्त्या बुटक्या होत गेल्या. मग चंपतने नखाने पट्टीचे टोक शोधले. पट्टी उन्हाने चिकटून बसली होती. तो सोलत राहिला. झाकण निघेना, तेव्हा त्याने डबा जमिनीवर ठेवला आणि सुजाताकडे सरकवला. तिने पलट्याचे टोक घालून झाकण उचकटले.

आत मी कसा होतो ते ऐका. बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटले होते. अंगावर पांढरी भुकटी आली होती. कडा लाटेसारख्या वाकल्या होत्या. रुक्माच्या हाताचा सैलपणा राहिलाच नव्हता. जी घडी जपायला मला कोंडले होते, ती घडी आधीच गेली होती.

चंपतने पाहिले. "म्हणजे मीच," तो म्हणाला.

"हाव," सुजाता म्हणाली. "तुमीच."

बेबीताई म्हणाल्या, "मी तर तवाच म्हणत होती, त्या पनौती माणसाले..." पण सुखरामने त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली आणि त्यांचे बोलणे तिथेच राहिले.

त्या दुपारी ओसरीच्या सावलीत मला दोरीवर सोडले. एक टोक सुजाताने धरले. दुसरे चंपतने. मी इतकी वर्षे ज्या बोटांवर संशय घेतला, त्या बोटांनी मला वेढ्यावेढ्याने सोडवले. चिकटलेला भाग सुटेना. तो कापावा लागला. चुन्याच्या पाण्यापासून मोडक्या बाकापर्यंतचा सगळा प्रसंग गेला. बदकापासून पुढचा मी उरलो. मशीनवर लावून पाहिले, पण माझे अंग आखडले होते. कडेची भोके मशीनच्या दात्यांत बसेनात. मी आता पडद्यावर कधीच दिसणार नाही.

सुजाता त्यामुळे विरघळली असे समजू नका. आठवड्याने ती आणि राजदीप रसमड्याला गेलेच. सामान टेम्पोत चढत असताना ती आत आली आणि हात पुढे केला. "फिल्म द्या."

"कावून?"

"तुमच्यापाशी ठेवली तर पुन्हा कोंडान. मले तुमचा भरवसा नाई."

राजदीप दारातच थांबला. त्याला वाटले आता पुन्हा भांडण होणार. चंपतने मला उचलले, जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल बांधले आणि तिच्या हातात दिले.

आता मी रसमड्याला राहतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोके पाडलेल्या. सुट्टीच्या दिवशी चंपत बस बदलून येतो. कधी सोबत वांगी आणतो, कधी काहीच नाही. सुजाता त्याला चहा देते आणि मला खिडकीतल्या दोरीवर सोडते. उजेडात माझी चित्रे बारीक दिसतात. तो चष्मा सरकवून एकेक चित्र पाहतो. परवा रशियन अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून तो म्हणाला, "इथं ती म्हणायची, बदका, तुह्या मायेची शप्पथ, मी चांगला माणूस आहो."

सुजाता म्हणाली, "असं नव्हती म्हणत. म्हणायची, पोरगी गेली तरी चालन, पण माही टोपी दे."

"मी इतकी वर्षं ऐकलं."

"तुमी मशीन फिरवत होते. तुमाले घरघर ऐकू येत होती."

दोघेही अडून बसले. चहा निवला. दोघांचेही बरोबर होते, पण ते सांगणार कोण?

मित्रांनो, तुमच्याही घरात पेटी असेल. तिच्यात कोणाचे तरी फोटो, पत्रे, लुगडे किंवा माझ्यासारखी एखादी फिल्म असेल. गेलेल्या माणसाची म्हणून तुम्ही ती बांधून, कुलूप लावून ठेवली असेल. ती उघडा. सावलीत ठेवा, वारा लागू द्या, घरातल्या दुसऱ्या माणसाचा हात लागू द्या. घडी मोडली तर मोडू द्या. आणि घरात वास सुटलाच, तर आधी आपल्या पेटीत नाक घाला. मग ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्यावर खुशाल घ्या.